फसला तो दोषी नव्हे

(मावळातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे एका वकील बांधवाने केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपण ज्या मावळात राहतो ती भूमी आपल्याला परकी नाही. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी दोन हजार वर्षांपासून ह्या डोंगरांत उभी आहेत. मावळाच्या वेशीवरच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. अशा भूमीतल्या माणसाने कोणापुढेही मान खाली घालण्याचे कारण नाही. परंतु अलीकडे मान खाली घालून माझ्या कचेरीची पायरी चढणारी आपली माणसे मी वारंवार पाहतो. त्यांनी चोरी केलेली नसते. उलट त्यांचीच चोरी झालेली असते. आज मला ह्याच विषयावर बोलावयाचे आहे.

लोणावळ्याच्या एका बंगल्यात स्वयंपाक करणारी आपली एक भगिनी आहे. तिचे नावगाव मी सांगणार नाही. तिची मुलगी महाविद्यालयात शिकते आणि शिष्यवृत्तीची वाट पाहत होती. एके दिवशी फोन आला. "समाजकल्याण खात्यातून बोलतो," असे पलीकडच्या माणसाने सांगितले. त्याला मुलीचे नाव ठाऊक होते, महाविद्यालयाचे नावही ठाऊक होते. शिष्यवृत्ती अडकली आहे, मी पाठविलेले अ‍ॅप मोबाईलमध्ये घ्या आणि आलेला आकडा सांगा, असे तो म्हणाला. त्या माउलीने तसे केले. अर्ध्या तासात तिच्या खात्यातले अठ्ठेचाळीस हजार रुपये गेले. चार वर्षे पोटाला चिमटा घेऊन साठविलेला तो पैसा होता.

ती माझ्याकडे आली पाचव्या दिवशी. मी विचारले, "ताई, चार दिवस काय केलेत?" ती म्हणाली, "साहेब, कोणाला सांगायचं? मालक रागावतील, भावकी हसेल. पोरगी शिकते आणि आई फसली म्हणतील." तोवर तो पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन बहुतांशी काढून घेतला गेला होता. मागे राहिलेले सहा हजार तेवढे गोठविता आले. पहिल्या तासात ती बोलली असती तर किती वाचले असते हे मला सांगता येत नाही. पण सहा हजारांहून अधिक वाचण्याची आशा खचित होती. बंधूंनो, अर्ध्या तासात चोराने चोरी केली आणि पुढचे चार दिवस तिच्या लाजेने त्या चोराची राखण केली.

म्हणून आज मला तुम्हांला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. फसला तो दोषी नव्हे, फसविणारा दोषी. फसगत झाल्याबरोबर जो मोठ्याने बोलतो, त्याचेच काही वाचते.

लाज कोणी बाळगावी?

अडाणी माणसेच फसतात, असा एक समज आहे. तो खोटा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळविले. भारतासह अनेक देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले. त्या बँकेने लाजून तोंड लपविले नाही; फिर्याद दिली, तपास झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. २०२४ साली लुधियानाच्या एका विख्यात वस्त्रोद्योगपतीला भामट्यांनी पडद्यावर चक्क बनावट सर्वोच्च न्यायालय भरवून दाखविले आणि सात कोटी रुपये उकळले. त्यांनी तक्रार केली म्हणून सव्वापाच कोटी परत मिळाले. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ ह्या एका वर्षात अशा गुन्ह्यांत देशातील नागरिकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले; त्याच्या आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. एवढे कोटी केवळ अडाण्यांचे असणार काय?

परंतु आपल्या लाजेला आणखी एक मूळ आहे आणि ते ओळखले पाहिजे. आपल्या वाडवडिलांना शेकडो वर्षे असे शिकविले गेले की, तुमच्यावर अन्याय झाला तर तो तुमच्याच कर्माचा दोष. चावडीवर जाऊन दाद मागण्याची सोय नव्हती. गेले तर तेच अपराधी ठरत. त्यामुळे सोसावे आणि गप्प बसावे ही सवय हाडीमासी खिळली. दीक्षा घेताना आपण जुने देव सोडले, जुने नवस सोडले. मग ही जुनी सवय घरात कशाला ठेवावी? अन्याय झाला तर तो नशिबाचा भोग नसून गुन्हा आहे, त्याला कायद्यात कलम आहे आणि ते कलम माझ्यासाठीही आहे, असे म्हणता येणे हादेखील धर्मांतराचाच एक भाग आहे.

पहिल्या तासात काय करावे?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हे घरी जाऊन मुलांना सांगा आणि भिंतीवर लिहून ठेवा.

पहिले काम : १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हा फोन लावल्याने काय होते, हे समजून घ्या. तुमची माहिती तेथून तुमच्या बँकेकडे आणि पैसा ज्या बँकेत गेला तिच्याकडे जाते. पैसा तेथे शिल्लक असेल तर तो गोठविला जातो. पुढे गेला असेल तर पुढच्या बँकेला कळविले जाते. चोराचा पैसा पळत असतो आणि ही यंत्रणा त्याच्या मागे धावत असते. तुम्ही तासभर उशीर केला तर तो तासभर पुढे जातो. फोन करताना बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयने पैसे गेले असतील तर त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक जवळ ठेवावा. लाइन लागली नाही तर पुन्हा लावावी, आणि घरातल्या दुसऱ्याने त्याच वेळी दुसरे काम करावे.

दुसरे काम : बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करावयास सांगावे. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीमागून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावर विश्वास ठेवू नये. तेथेही भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. बँकेत केलेल्या तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि वेळ टिपून ठेवावी.

तिसरे काम : अनोळखी अ‍ॅप मोबाईलमध्ये घेतले असेल तर मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या मोबाईलवरून वरील दोन्ही फोन करावेत आणि मग ते अ‍ॅप काढून टाकावे. लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड, वीजबिल अशा नावांनी हल्ली अशी अ‍ॅपे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. बँकेचे गुप्त आकडे दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून बदलावेत. आधार आणि बोटाच्या ठशाने पैसे काढले गेल्याचा संशय असेल तर आधारचे ठसे कुलूपबंद करून घ्यावेत; त्याची माहिती १९४७ ह्या क्रमांकावर मिळते.

चौथे काम : काहीही पुसून टाकू नये. रागाने किंवा भीतीने आपली माणसे संदेश पुसतात, क्रमांक काढून टाकतात. तोच तर पुरावा! आलेले संदेश, फोनची वेळ, पैसे गेल्याची सूचना ह्या सर्वांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. नंतर एका वहीत घडले तसे, वेळेच्या क्रमाने, आपल्या शब्दांत लिहून काढावे. चार दिवसांनी आठवण अंधुक होते. लिहिलेले तसेच राहते.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

१९३० वर फोन केल्यावर तक्रारीचा क्रमांक संदेशाने येतो. त्यानंतर चोवीस तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी संकेतस्थळावर ती तक्रार सर्व तपशिलांसह पूर्ण करावी. हे ज्याला जमत नसेल त्याने शेजारच्या शिकलेल्या मुलामुलीची मदत घ्यावी.

बँकेला त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ह्या पोचेची किंमत समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, बँकेची आणि ग्राहकाची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकाने काही सोसावयाचे नाही. चार ते सात दिवसांत कळविले तर ग्राहकाचा भार ठराविक मर्यादेपर्यंतच. आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर मात्र कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याच्यावर येते. कळविल्यानंतर झालेले नुकसान बँकेवर येते. म्हणजे चूक तुमची असो वा नसो, कळविण्याची वेळ हीच तुमची ढाल. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात. म्हणून आज कोणता नियम लागू आहे हे बँकेकडून लेखी मागावे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही. वकील असून मी हे सांगतो आहे, म्हणजे खरे समजा.

पोलीस ठाण्यात मान ताठ ठेवा

त्या भगिनीला मी म्हटले, "चला, फिर्याद देऊ." आम्ही एका ठाण्यात गेलो. तेथे उत्तर मिळाले, "ही आमची हद्द नाही." आपल्या तालुक्यात हे उत्तर फार सोपे आहे. लोणावळा, कामशेत आणि वडगाव पुणे ग्रामीण पोलिसांकडे. तळेगाव दाभाडे आणि देहूरोड २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. एका रेल्वेमार्गावरच्या स्टेशनांत दोन अंमल! गरीब माणूस लोकलने एकीकडून दुसरीकडे हेलपाटे घालीत राहतो आणि रोजंदारी बुडाली की घरी बसतो.

परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. तिलाच लोक झीरो एफआयआर म्हणतात. ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठविण्याचे काम पोलिसांचे आहे. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवावा, आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. मी ते कलम शांतपणे वाचून दाखविले. आवाज चढविला नाही. नोंद झाली. पोलिसांशी भांडावयाचे नाही, आणि हातही जोडावयाचे नाहीत. कलम सांगावयाचे, लेखी द्यावयाचे, पोच घ्यावयाची.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवा. १९३० वरील तक्रार आणि पोलीस ठाण्यातील प्रथम खबर ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीने पैसा थांबतो, दुसरीने खटला उभा राहतो. गोठविलेली रक्कम परत मिळविण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला तर ते कागद तेव्हा उपयोगी पडतात.

"वकिलाला पैसे कोठून आणू?" असे कोणी म्हणेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. वडगाव मावळच्या न्यायालयात चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन करा. कित्येक नवदीक्षित कुटुंबे मला विचारतात, "आम्ही बौद्ध झालो, आता हा हक्क राहिला का?" राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने बौद्धांना अनुसूचित जातींच्या बाहेर ठेवले होते आणि आपल्या मागच्या पिढीने त्याची किंमत मोजली. दीर्घ लढ्यानंतर १९९० साली संसदेने तो आदेश दुरुस्त केला. बुद्धाला शरण गेल्याने अनुसूचित जातीचा हक्क आज जात नाही. ह्या प्रश्नाचा गैरफायदा घेणारे भामटेही आहेत. "धर्म बदललात म्हणून शिष्यवृत्ती रद्द होईल, एवढे पैसे भरा," असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजावा.

फोनवर अटक होत नाही

भामट्यांचा सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे त्यांची 'डिजिटल अरेस्ट'. पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या आधारवर गुन्हा घडला आहे, फोन बंद कराल तर अटक होईल, कोणाला सांगितले तर मुलालाही धरू, असे तो म्हणतो. पोलिसांचा धाक ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगला, त्याच्या काळजात हे वाक्य सुरीसारखे शिरते.

भारताच्या कायद्यात अशी अटक नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्याला कारण कळले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. हे संरक्षण संविधानसभेपुढे सप्टेंबर १९४९ मध्ये कोणी मांडले, ठाऊक आहे? बाबासाहेबांनी! तेव्हा मसुद्यात त्याचा क्रमांक १५-अ होता. अटकेच्या धमकीने तुमची वाचा बसावी म्हणून भामटा फोन करतो. आणि अटकेतल्या माणसालाही बोलता यावे, वकील बोलावता यावा म्हणून बाबासाहेबांनी हा अनुच्छेद मांडला. तेव्हा असा फोन आला की तो सरळ बंद करावा आणि घरच्यांना हाक मारावी. हा प्रकार इतका बळावला की, १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले ते आठवा. ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. हा उपदेश विहारात ऐकावयाचा आणि फोन आला की विसरावयाचा, असे चालणार नाही.

तरुणांना दोन शब्द

लोणावळ्याच्या बंगल्यांची छायाचित्रे वापरून भामटे खोटी बुकिंगे घेतात. मुंबईचे कुटुंब सामानासह फाटकाशी येते, आणि राग निघतो तो राखणदारावर. तो राखणदार बहुधा आपल्यापैकी असतो. राखणदार बांधवांनो, हातघाईवर येऊ नका. मालकाला फोन लावा, पाहुण्यांना १९३० सांगा, आलेल्यांची नावे, गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. तेच लिखाण उद्या तुमचे निरपराधित्व सांगेल.

आणि तरुणांनो, कोणी म्हणेल, "तुझे बँक खाते महिनाभर वापरू दे, दहा हजार देतो." ते दहा हजार म्हणजे गळाला लावलेला गांडूळ आहे. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरला की पोलीस प्रथम तुमच्याच दारी येतात, आणि लुबाडलेल्या दुसऱ्या एखाद्या आईच्या अश्रूंत तुमचा वाटा होतो. चोरी न करण्याची आणि खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच.

फसलेल्यांनाही एक सावधगिरी सांगतो. काही दिवसांनी आणखी एक फोन येतो : "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी एवढी फी भरा." तो त्याच टोळीचा दुसरा हात असतो. सरकारी तक्रारीला फी पडत नाही.

विहाराने काय करावे?

शेवटी सर्वांना विनंती. प्रत्येक विहाराच्या दारावर १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे ह्या विषयाला द्यावीत. दोन शिकलेली मुले आणि दोन मुली नेमाव्यात. रात्री-अपरात्री हाक आली तर त्यांनी तक्रार भरून द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फसलेल्याला कोणी हसू नये. "कसा रे फसलास?" असे विचारण्याऐवजी "किती वाजता गेले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस घरात लपतो, दुसऱ्याने तो कामाला लागतो. नवऱ्याने बायकोवर आणि सुनेने सासूवर हात झाडू नयेत. ज्या घरात फसल्याचे सांगता येते, त्या घराला भामटा फार काळ लुटू शकत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात कधी गेलात तर खांबांवरची आणि दाराजवळची कोरीव अक्षरे पाहा. दान देणाऱ्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याने काय दिले हे तेथे दगडात लिहिले आहे. त्यांत वैजयंतीच्या श्रेष्ठीचे नाव आहे, तसे धेनुकाकटाच्या सुताराचे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गंध्याचेही आहे. लहान माणसाचे नाव आणि त्याचा व्यवहार लिहून ठेवण्याच्या मोलाचा होता, म्हणून आज दोन हजार वर्षांनी तो आपल्याला वाचता येतो. तुमचा व्यवहारही तितक्याच मोलाचा आहे. तो लिहा, त्याची पोच घ्या आणि जपून ठेवा.

ती भगिनी आजही त्याच बंगल्यात कामाला जाते. तिचे बेचाळीस हजार अजून परत आलेले नाहीत. तपास चालू आहे. पण गेल्या महिन्यात तिच्या शेजारणीला तसाच फोन आला, तेव्हा ती हातातले काम टाकून धावली आणि पहिल्या दहा मिनिटांत तिने १९३० लावून दिला. तिची लाज सुटली. ती आपणा सर्वांची सुटो.

जयभीम! नमो बुद्धाय!